आरोग्यातील विषमता : लोकांची दृष्टी आणि कारभाऱ्यांची दृष्टी

मिरज हे रुग्णालयांचे गाव म्हणून सर्वदूर ओळखले जाते. कोकणातून, सोलापूरकडून आणि कर्नाटकाच्या उत्तर भागातून पिढ्यान् पिढ्या रोगी येथे येत राहिले आहेत. त्याच सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला जत तालुका आहे. जतहून मिरज सुमारे ८० किलोमीटर. उमदीकडच्या गावांना त्याहूनही बरेच अधिक. नकाशावर हे अंतर बोटभर दिसते. परंतु वेणा सुरू झालेल्या स्त्रीला, सर्पदंश झालेल्या शेतमजुराला किंवा छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्याला ते अंतर कधी कधी आयुष्याएवढे होते. एकाच जिल्ह्याचे हे दोन रहिवासी. दोघांनाही मताचा अधिकार सारखाच. जगण्याची संधी मात्र सारखी आहे, असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

शेजारच्या सातारा जिल्ह्याची कथा निराळी नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो. या दोन टोकांच्या मध्ये कृष्णा आणि कोयना यांच्या काठचा, उसाचा आणि सहकाराचा सुखवस्तू पट्टा पसरला आहे. डॉक्टर, औषधाची दुकाने, रुग्णवाहिका आणि पक्क्या सडका प्रामुख्याने या पट्ट्यात एकवटल्या आहेत. पूर्वेकडचे दुष्काळी गाव आणि पश्चिमेकडची डोंगरातली वाडी ही दोन्ही त्याच्या काठावर उभी आहेत.

ही विषमता आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिच्याविषयी कोणाला काय वाटते याबद्दल. सामान्य लोकांना ती अन्याय वाटते की नशीब? आणि ज्यांच्या सहीने पैसा खर्च होतो ते अधिकारी, पदाधिकारी व नियोजन समित्यांचे सदस्य यांना ती दूर करण्याजोगी गोष्ट वाटते की आकडेवारीतली एक अपरिहार्य रेघ? लोक समतेचे पक्षपाती आणि कारभारी तेवढे निष्ठुर, असे म्हणण्याची रीत आहे. उलट, तज्ज्ञांना सर्व कळते आणि लोक अडाणी, असेही काही ठिकाणी मानले जाते. या दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत.

रुग्णालये कोठे उभी राहिली

डॉ. विल्यम वॉन्लेस हे मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये त्यांचे रुग्णालय मिरजेत सुरू झाले. मिरज हे संस्थानचे गाव होते आणि रेल्वेचे जंक्शनही होते. दूरचा रोगी गाडीने उतरून थेट रुग्णालयात पोहोचू शके. १९६२ मध्ये मिरजेलाच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पुढे १९८० नंतरच्या दशकात कराडला कृष्णाकाठच्या समृद्धीच्या आधारावर मोठे रुग्णालय व वैद्यकीय शिक्षणाची संस्था उभी राहिली. साताऱ्यालाही अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे.

यांतील प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी शहाणपणाचाच होता. जेथे रेल्वे, पाणी आणि वर्दळ आहे तेथे रुग्णालय काढावे, हे कोणीही मान्य करील. पण शहाणपणाच्या अनेक निर्णयांची बेरीज शहाणपणाची होतेच असे नाही. एका रुग्णालयाच्या आश्रयाला दुसरे येते, डॉक्टरांच्या मुलांसाठी शाळा निघतात, शाळांमुळे आणखी डॉक्टर येतात. साखर कारखान्याच्या शेजारी बँक यावी, तद्वतच हे घडते. वेल्समधील खाणकामगारांच्या एका खेड्यात काम करणारे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ही प्रवृत्ती 'व्यस्त सेवेचा नियम' म्हणून मांडली. जेथे गरज मोठी तेथे चांगली सेवा दुर्मीळ, आणि बाजाराच्या हाती कारभार जितका अधिक तितका हा नियम अधिक कडक, हे त्यांच्या विवेचनाचे सार होय. मिरज आणि जत यांच्यामधल्या रस्त्यावर हा नियम कोणालाही उघड्या डोळ्यांनी पाहता येतो.

सरासरीचा पडदा

कारभाऱ्यांच्या बाजूने प्रथम पाहू जाता, त्यांना तत्त्व ठाऊक नाही असे मुळीच नाही. पैसा नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हा विचार भोर समितीने १९४६ मध्येच मांडला होता. १९७८ च्या आल्मा आटा परिषदेत भारताने सर्वांसाठी आरोग्याचे वचन दिले. तत्त्व कागदावर येते, पण त्याचे व्यवहारात रूपांतर होताना त्याची जागा निकष घेतो. पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी व आदिवासी भागांत अनुक्रमे तीन हजार आणि वीस हजार, हा तो निकष. कोयनेच्या खोऱ्यातील वाडीला त्यातून काही सवलत मिळते. परंतु दुष्काळाचा असा स्वतंत्र उल्लेख त्यात नाही. माण किंवा जतमधील विरळ वस्तीचा, पाण्याला महाग असलेला मुलूख सपाट आहे, म्हणून तो कागदोपत्री कृष्णाकाठच्या सपाट मुलखासारखाच ठरतो. रोगी किती आणि ते किती दूर, हे या निकषाला विचारताच येत नाही.

दुसरा पडदा सरासरीचा. राज्यातील प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. अनुशेष हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळला तो त्यानंतर. त्या मोजमापात आरोग्यसेवांचाही विचार होता. परंतु मोजणीचे प्रमुख एकक जिल्हा हे होते. पश्चिम महाराष्ट्रातील जिल्ह्यांची सरासरी बरी निघाली की जत, आटपाडी, माण आणि खटाव ही नावे त्या सरासरीच्या पोटात गडप होतात. आजही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून जिल्ह्याचा आकडा मिळतो, तालुक्याचा मिळत नाही. वाळव्याचे बाळ आणि जतचे बाळ यांची बेरीज करून दोनाने भागले, म्हणजे दोघांचेही आरोग्य मध्यम असल्याचे समाधान मिळते.

अधिकाऱ्याचा स्वतःचाही एक हिशेब असतो. वर्षअखेर त्याला विचारले जाते ते किती लसी टोचल्या, किती प्रसूती संस्थेत झाल्या, किती शस्त्रक्रिया पार पडल्या. शेवटच्या वाडीतील शंभर मुले गाठण्याला जितका घाम लागतो तितक्यात बाजारपेठेच्या गावातील हजार मुले होतात. उद्दिष्ट एकूण संख्येचे असेल तर शहाणा अधिकारी कोठे जाईल, हे सांगावयास नको. त्याची दृष्टी वाईट नसते. त्याला दिलेली फूटपट्टी तशी असते.

लोकांची न्यायबुद्धी

आता दुसरी बाजू. शेतकऱ्याच्या मुलाला मेंदूचा आजार झाला की गाव वर्गणी काढते. तालमीची पोरे डबा घेऊन फिरतात, दूध संस्था हातभार लावते, कोणी जीप देतो. डोळ्यांसमोरचा माणूस वाचलाच पाहिजे, मग खर्च कितीही होवो, ही लोकांची धारणा आहे आणि ती उदात्त आहे. मात्र याच गावात दरवर्षी रक्तक्षयाने खंगणाऱ्या स्त्रियांसाठी अशी वर्गणी निघत नाही. कारण तो आजार कोणा एकीचा नसतो, सर्वांचा असतो. आणि जे सर्वांचे असते ते दिसेनासे होते.

लोकांच्या तक्रारींवर सर्वस्वी विसंबता येत नाही, याचेही एक शास्त्रीय कारण आहे. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की, केरळात आयुर्मान अधिक असूनही आजारी असल्याचे सांगणारे लोक तेथे अधिक आढळतात. बिहारात आयुर्मान कमी, पण आजाराची कुरकूरही कमी. ज्याने निरोगी शरीर पाहिलेच नाही त्याला कंबरदुखी हा वयाचा धर्म वाटतो. माणदेशातील बाईला उन्हाळ्यात पाण्यासाठी करावी लागणारी पायपीट आणि तिचे दुखणारे गुडघे यांचा संबंध न्यायाशी आहे, असे सहसा कोणी तिला सांगितलेले नसते. जतच्या सीमेवरील गावांनी २०२२ मध्ये पाण्याच्या प्रश्नावर कर्नाटकात जाण्याची भाषा केली, तेव्हा सारे राज्य खडबडून जागे झाले. आरोग्यसेवेवरून तसा क्षोभ उसळल्याचे क्वचितच दिसते. पाण्याची विषमता लोकांना अन्याय वाटते, आजाराची विषमता प्राक्तन वाटते.

लोकांच्या समताबुद्धीला आणखी एक मर्यादा आहे आणि ती कटू असली तरी मांडली पाहिजे. समता कोणासाठी, हा प्रश्न आला की समाज माणसे निवडू लागतो. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या सातारा जिल्ह्यात ८९५ आणि सांगली जिल्ह्यात ८६७ होती. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात 'नकुशा' असे नाव वागवणाऱ्या दोनशेहून अधिक मुलींना सातारा जिल्हा परिषदेने समारंभपूर्वक नवी नावे दिली. २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेव्हा सुबत्ता आणि माणुसकी एकाच गावात राहतात असे नाही, हे पुन्हा एकदा सिद्ध झाले. येथे कायदा आणि शासन समतेच्या बाजूला होते. घरोघरची इच्छा मात्र त्याच्या विरुद्ध दिशेला होती.

एचआयव्हीच्या साथीचेही तसेच. सांगली हा या साथीचा जबर तडाखा बसलेला जिल्हा. १९९२ पासून 'संग्राम' या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना हाताशी धरून, त्यांच्याच मार्फत प्रतिबंधाचे काम उभारले. २००४ पासून शासनाने या रोगावरील औषधे मोफत देण्यास आरंभ केला. त्या स्त्रियांच्या आरोग्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करावा काय, असे त्या काळी मतदान घेतले असते तर निकाल काय लागला असता, याची कल्पना करणे कठीण नाही. बहुमत म्हणजे न्याय नव्हे, हे आरोग्याच्या क्षेत्रात विशेषत्वाने ध्यानात ठेवावे लागते.

गळकी बादली

अर्थशास्त्राने या प्रश्नाचा विचार बऱ्याच नेमकेपणाने केला आहे. श्रीमंताकडून गरिबाकडे पैसा नेणारी बादली वाटेत गळते. किती गळेपर्यंत ती वाहून नेणे योग्य, असा प्रश्न अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आर्थर ओकन यांनी १९७५ मध्ये विचारला. त्याआधी १९७० मध्ये अँथनी ॲटकिन्सन यांनी विषमतेविषयीचा तिटकारा गणिताने मोजण्याची रीत घालून दिली. पुढे हीच रीत आरोग्याला लावली गेली. इंग्लंडमध्ये केलेल्या पाहण्यांत सामान्य नागरिकांना विचारण्यात आले की, एकूण आरोग्यलाभ अधिक पण विषमता कायम ठेवणारी योजना हवी, की एकूण लाभ थोडा कमी पण गरिबांना झुकते माप देणारी? पुष्कळांनी दुसरी निवडली. परंतु प्रश्नाची शब्दरचना बदलली की उत्तरांचे आकडेही बदलतात, हेदेखील त्या अभ्यासांतून दिसून आले.

हा प्रश्न सातारा जिल्ह्यात आणून पाहावा. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडे कांदाटी खोरे आहे. ज्या पाण्याच्या विजेवर राज्याचे कारखाने चालले, त्याच पाण्याने या खोऱ्यातील गावांची जुनी वाट बुडवली. तापोळ्याकडून किंवा बामणोलीकडून लाँचने पलीकडे जाणे हा तेथला परिपाठ. समजा, आरोग्याच्या खात्यावर एक रक्कम शिल्लक आहे. ती कराडसारख्या शहरात खर्च केली तर दहा हजार रोग्यांना लाभ होईल. तीच कांदाटी, माण आणि जत येथे खर्च केली तर केवळ सहा हजारांना. चार हजार रोग्यांइतके पाणी बादलीतून गळाले. मग बादली न्यावी की नाही?

कारभारी बहुधा पहिल्या योजनेवर सही करील, कारण त्याचा ताळेबंद एकूण बेरजेचा आहे. गावकऱ्याला मोघम विचारले तर तो 'गरिबाला आधी' असे म्हणेल. पण कराडच्या रहिवाशाला 'तुमच्या दवाखान्यातील खाटा कमी करून' असे पुढे जोडून विचारले, तर त्याचा स्वर बदलेल. म्हणजे लोकांचे मत समतेकडे झुकते, पण ते उथळ पाण्यावर उभे असते; कारभाऱ्याचे मत एकूण लाभाकडे झुकते, पण ते स्वतःचे नसून पद्धतीने त्याच्यावर लादलेले असते. दोघांना एका ठिकाणी बसवून, सर्व आकडे समोर ठेवून हा प्रश्न विचारण्याची सोय मात्र कोठेच नाही. किंबहुना या विषयातील खरी उणीव तीच आहे.

याशिवाय, हिशेबात एक गोष्ट सहसा धरली जात नाही. कांदाटीतल्या माणसावर होणारा जादा खर्च हा केवळ भूगोलाने लादलेला नाही. तो एका सार्वजनिक निर्णयाचा परिणाम आहे. ज्यांनी राज्यासाठी गाव सोडले त्यांच्यापर्यंत डॉक्टर नेण्यास लागणारा पैसा ही गळती म्हणायची की फेड, हे ठरवल्याशिवाय बादलीचे गणित सुटत नाही.

दोघांची चूक एकच

लोक आणि कारभारी यांची मते अशी भिन्न असली तरी एका बाबतीत त्यांचे विलक्षण एकमत आहे. दोघांनाही आरोग्य म्हणजे रुग्णालय वाटते. लोकांना इमारत हवी असते आणि पुढाऱ्याला कोनशिला. २०१२ मध्ये राज्यात जीवनदायी योजना सुरू झाली. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये ती सर्व कुटुंबांसाठी खुली करण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांतील उपचारही निःशुल्क झाले. ही पावले मोठी आहेत आणि त्यांनी अनेक घरे कर्जापासून वाचवली असतील, यात संशय नाही. पण कार्ड सर्वांना सारखे मिळाले तरी रस्ता सर्वांना सारखा मिळत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेची रुग्णालये मिरज, सांगली, कराड आणि सातारा येथे असतील, तर जतच्या मजुराला कार्डाबरोबर गाडीभाडे, बरोबर येणाऱ्याचा बुडालेला रोज आणि परगावी राहण्याचा खर्चही लागतो. समान हक्क देऊन विषम वापर होतो, तो असा.

ऊसतोड मजुरांच्या बाबतीत तर ही चूक उघडी पडते. कृष्णाकाठच्या फडात बीडकडून, तसेच जत, माण अशा दुष्काळी तालुक्यांतूनही कुटुंबे येतात. जेथे नाव नोंदलेले तेथे ती हंगामात नसतात आणि जेथे असतात तेथे त्यांचे नाव नसते. गरोदर बाईची नोंद एका गावी आणि कोयता दुसऱ्या गावी. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण पाहून २०१९ मध्ये शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. या स्त्रिया कारभाऱ्याच्या लोकसंख्येत बसत नाहीत आणि गावकऱ्याच्या 'आपल्या माणसां'तही बसत नाहीत. त्यांच्या घामावर ज्या पट्ट्याची साखर गोड होते, त्या पट्ट्याला याचे उत्तर द्यावे लागेल.

शिक्षणाचा धडा

विषमता हे प्राक्तन नव्हे, हे या दोन जिल्ह्यांना कोणी नव्याने शिकवावे अशी स्थिती नाही. सांगली १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. त्यापूर्वी हा बराचसा मुलूख एकच होता. याच भूमीत १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. शाळा शहरात काढून खेड्यातल्या मुलांची वाट पाहावी, असे त्यांनी म्हटले नाही. शाळा खेड्यात गेली, आणि खेड्याने धान्याच्या, जागेच्या व श्रमाच्या रूपाने तिला उचलून धरले. अक्षरशत्रू राहणे हे नशीब नसून अन्याय आहे, हे लोकांना पटले आणि पुढाऱ्यांनाही पटले. म्हणून तो अन्याय हटू लागला. याच जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करताना मृत्यू पावल्या. शिक्षण आणि आरोग्य हे त्यांच्या लेखी दोन वेगळे विषय नव्हते. समाजाने मात्र त्यांतला एकच उचलला.

आरोग्याच्या बाबतीत ते मतपरिवर्तन घडवायचे तर प्रथम तालुकावार, आणि जमेल तेथे गाववार, आकडे प्रसिद्ध झाले पाहिजेत. बालमृत्यू, मातामृत्यू, रिक्त पदे आणि रुग्णवाहिका पोहोचण्यास लागणारा वेळ या चार गोष्टी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागल्या तरी पुष्कळ काम होईल. दुसरे, निकषात लोकसंख्येबरोबर अंतर आणि दुष्काळ यांनाही वजन मिळाले पाहिजे. जतच्या कन्नड बोलणाऱ्या गावात कन्नड समजणारी परिचारिका असणे हादेखील निकषच होय. तिसरे, लोक आणि कारभारी समोरासमोर आले पाहिजेत. राज्यात २००७ मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली व जनसुनवाया भरल्या. डॉक्टर आणि रोगी यांना एकमेकांचे म्हणणे तेथे ऐकून घ्यावे लागले. सातारा-सांगलीसारख्या राजकीयदृष्ट्या जागृत जिल्ह्यांना ही रीत जड जाण्याचे कारण नाही. १९६२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रांचा कारभार पाहणाऱ्या जिल्हा परिषदा याच कामासाठी आहेत. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर त्या दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिल्या, तेव्हा अन्य नुकसानींबरोबर हे एक नुकसान झाले की, शेवटच्या वाडीचे गाऱ्हाणे सभागृहात मांडणारा सदस्यच उरला नाही.

तज्ज्ञाने लोकांना बादली किती गळते ते सांगावे आणि लोकांनी तज्ज्ञाला ती कोणाच्या दारी न्यायची ते सांगावे, ही कामाची खरी वाटणी होय. एकाची बेरीज आणि दुसऱ्याची माया यांतले कोणतेही एक पुरेसे नाही. मायेला आपपर असतो आणि बेरजेला चेहरा नसतो. मिरजेच्या दवाखान्यात उपचार उत्तम होतात, याचा या भागाला रास्त अभिमान आहे. परंतु उमदीहून निघालेली वेणांतली स्त्री त्या दारापर्यंत वेळेत पोहोचते की नाही, यावरच या दोन जिल्ह्यांच्या आरोग्याची परीक्षा व्हावयाची आहे.